छतावरचे ऊन आणि मे महिन्याचे बिल

१. लोक विचारतात तो प्रश्न

“सोलर बसवलं की लाइट बिल झिरो येतं म्हणे. खरं का?”

यवतमाळ शहराला लागून असलेल्या लोहाऱ्यात हा प्रश्न उन्हाळ्यात जास्त ऐकू येतो, आणि त्याला कारण आहे. लोहारा म्हटले की जिल्ह्यातल्या माणसाला एमआयडीसी आठवते, जीन्सचे कापड विणणारा रेमंडचा डेनिम कारखाना आठवतो. त्याभोवती नोकरदारांची, कामगारांची, दुकानदारांची स्लॅबची घरे आहेत. मार्च सरता सरता या घरांतले कूलर माळ्यावरून उतरतात, त्यांत वाळ्याच्या नव्या ताट्या बसतात, आणि पुढचे अडीच-तीन महिने ते जवळजवळ अखंड फिरतात. डिसेंबरात हजार-बाराशेवर थांबलेले बिल मे महिन्यात साडेचार हजारांवर जाते. घरातली माणसे तीच आणि घरही तेच, म्हणून हा आकडा अन्यायाचा वाटतो. अशा वेळी शेजारच्या छतावर निळे-काळे पॅनल दिसले की प्रश्न उठणारच.

उत्तर “हो” आणि “नाही” यांच्या मधले आहे. बिल पूर्ण शून्य होत नाही. पण नेमका हिशेब केला तर ते पाचात एकावर किंवा त्याच्याही खाली येऊ शकते. किती उतरेल, हे ठरवण्यात पॅनलच्या कंपनीपेक्षा मोठा वाटा घराच्या जुन्या बिलांचा असतो. सौर वीज किती युनिट तयार करते, याकडे सगळ्यांचे लक्ष असते. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे ती कोणते युनिट वाचवते.

२. किलोवॅट म्हणजे काय, युनिट म्हणजे काय

विक्रेता किलोवॅटमध्ये बोलतो आणि बिल युनिटमध्ये येते. हे दोन शब्द वेगळे न केल्यामुळे बरीच घरे फसतात.

कापूस वेचणीचे उदाहरण घेऊ. एखादी बाई तासाला पाच किलो कापूस वेचू शकते, ही तिची वेचण्याची ताकद. ती सहा तास वावरात राहिली तर तीस किलो कापूस जमतो, हे तिचे दिवसाचे काम. किलोवॅट म्हणजे ताकद आणि युनिट म्हणजे काम. एक किलोवॅट ताकदीने एक तास काम झाले की एक युनिट होते.

हेच कूलरला लावून पाहू. मोठा कूलर, पंखा आणि पाण्याचा पंप धरून, साधारण २०० वॅट खातो. दुपारी आणि रात्रभर मिळून तो चौदा तास चालला तर २,८०० वॅट-तास, म्हणजे २.८ युनिट झाले. महिन्याला ८४ युनिट. घरात दोन कूलर असतील तर १६८. फ्रिज, पंखे, टीव्ही, दिवे, मिक्सर, पाण्याची मोटर या सगळ्यांवर हे १६८ युनिट येऊन बसतात. मे महिन्याच्या बिलाचा फुगवटा इथून येतो. एसी असलेल्या घराची गोष्ट आणखी वेगळी. दीड टनाचा एसी रात्री आठ तास चालला तर एका रात्रीत आठ-नऊ युनिट सहज खातो.

पॅनललाही हाच नियम लागतो. एक किलोवॅटचा संच चोवीस तास एक किलोवॅट देत नाही. सकाळी तो हळूहळू जागा होतो, दुपारी सव्वाबाराच्या आसपास त्याचा जोर सर्वांत जास्त असतो आणि संध्याकाळी तो विझतो. वर्षभराची सरासरी काढली तर विदर्भात एका किलोवॅटला दिवसाला साडेतीन ते चार युनिट मिळतात. “महिन्याला १२० युनिट” हा जाहिरातीत दिसणारा आकडा खोटा नाही, पण तो चांगल्या महिन्यांचा आहे. वर्षाचा हिशेब मांडताना महिन्याला ११० धरणे शहाणपणाचे.

३. लोहाऱ्याचे ऊन

लोहारा साधारण २०.४ उत्तर अक्षांशावर आहे. म्हणून इथे पॅनल दक्षिणेकडे तोंड करून, जवळपास वीस अंशांच्या उताराने बसवतात. मेच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात इथला सूर्य माध्यान्हीला अगदी डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. मधल्या दिवसांत तो किंचित उत्तरेकडे झुकलेला असतो. तरीही वर्षाचा बहुतेक काळ तो दक्षिणेत राहत असल्यामुळे दक्षिणमुखी मांडणीच फायद्याची ठरते.

आता एक गोष्ट अनेकांना पटत नाही. पॅनलला ऊन हवे असते, उष्णता नको असते. पॅनलवर छापलेली ताकद २५ अंश सेल्सिअस तापमानाला मोजलेली असते. मे महिन्यात हवा ४४ अंशांवर असते तेव्हा स्लॅबवरच्या पॅनलचे स्वतःचे तापमान ६५ अंशांपर्यंत चढते. आजच्या पॅनलमध्ये दर अंशामागे साधारण ०.३ ते ०.४ टक्के ताकद घटते. चाळीस अंशांची वाढ म्हणजे सुमारे १४ टक्के घट. ५४० वॅटचा पॅनल भर दुपारी ४६५ वॅटच्या आसपास काम करतो. दिवस मोठा असूनही मेची वीज मार्चपेक्षा थोडी कमी निघते ती यामुळे. पॅनल स्लॅबला चिकटवून न लावता खालून वारा खेळेल इतके उंच लावतात, त्याचे एक कारण हेच.

दुसरी घट पावसाळ्यातली. जुलै-ऑगस्टमध्ये आभाळ भरून राहिले की उत्पादन मार्चच्या निम्म्याजवळ येते. नशिबाने त्या महिन्यांत कूलरही थंडावलेले असतात.

धूळ हा तिसरा शत्रू. फेब्रुवारीपासून जूनच्या सुरुवातीपर्यंत पाऊस जवळजवळ नसतो आणि काचेवर मातीचा थर चढत जातो. दहा-पंधरा दिवसांनी साध्या पाण्याने आणि मऊ फडक्याने पॅनल पुसावा लागतो, तोही पहाटे किंवा ऊन उतरल्यावर. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नये.

४. बिलाचा जिना

हा या प्रकरणाचा गाभा आहे, त्यामुळे इथे थोडे थांबायला हवे.

महावितरणचा घरगुती दर सरसकट एक नसतो. तो जिन्यासारखा चढतो. १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या दरपत्रकात ऊर्जा शुल्क आणि वहन शुल्क मिळून पायऱ्या अशा होत्या: पहिल्या १०० युनिटला ५ रुपये ८८ पैसे, १०१ ते ३०० युनिटला ११ रुपये ४६ पैसे, ३०१ ते ५०० युनिटला १५ रुपये ७२ पैसे आणि त्यापुढे १७ रुपये ८१ पैसे. त्यात सिंगल फेजच्या घराला महिन्याचा स्थिर आकार १२८ रुपये. या सगळ्यांच्या बेरजेवर १६ टक्के वीज शुल्क. पुढे दर बदलले आहेत आणि बदलत राहतील, पण जिना तसाच आहे. वाचकाने आपल्या ताज्या बिलाच्या मागचे दर घेऊन हाच हिशेब पुन्हा करावा. आपल्यासाठी हे आकडे उदाहरणाला पुरेसे आहेत.

वीज शुल्क धरले तर पहिल्या पायरीवरचे युनिट ६ रुपये ८२ पैशांना पडते, दुसऱ्या पायरीवरचे १३ रुपये २९ पैशांना, तिसऱ्या पायरीवरचे १८ रुपये २४ पैशांना.

सौर वीज या जिन्यावरून खाली उतरते, आणि उतरायला सुरुवात सर्वांत वरच्या पायरीपासून करते. महिन्याला ४०० युनिट जाळणाऱ्या घरात पॅनलने वाचवलेले पहिले युनिट १८ रुपयांचे असते. ९० युनिट जाळणाऱ्या घरात तेच युनिट सात रुपयांचेही नसते. दोन्ही घरांवर पडणारे ऊन सारखे, पॅनल सारखा, खर्च सारखा. बचत मात्र अडीच पटींहून जास्त वेगळी.

महिन्याला ३०० युनिट वापरणारे एक घर घेऊ. त्याचे बिल ३,४८९ रुपये. छतावर एक किलोवॅट बसवला आणि ११० युनिट मिळाले, तर वापर १९० वर येतो आणि १,४६२ रुपये वाचतात. दुसरा किलोवॅट बसवला तर वापर ८० वर येतो आणि आणखी १,३३३ रुपये वाचतात. तिसऱ्या किलोवॅटने उरलेले ८० युनिट पुसले जातात, पण ते सगळे स्वस्तातल्या पायरीवरचे असतात. बचत फक्त ५४६ रुपये. तिसऱ्या किलोवॅटचे उरलेले तीस युनिट खात्यात जमा होतात.

पहिल्या आणि तिसऱ्या किलोवॅटची किंमत बाजारात साधारण सारखीच असते. कमाई मात्र १,४६२ विरुद्ध ५४६. “छतावर जागा आहे ना, मग पाच किलोवॅटच टाका” असा सल्ला देणारा माणूस हा जिना दाखवत नाही.

तीन किलोवॅटनंतरही एक आकडा हटत नाही. स्थिर आकार १२८ रुपये आणि त्यावरचे वीज शुल्क मिळून १४८ रुपये दर महिन्याला द्यावेच लागतात. तारा, खांब, रोहित्र घरापर्यंत आलेले असतात आणि रात्री घर त्यांच्यावरच चालते. त्याचा हा मोबदला. ‘झिरो बिल’ म्हणणारी घरे प्रत्यक्षात हे दीडशे रुपये भरत असतात.

५. धान्याची कोठी आणि मार्चअखेर

कूलर रात्री चालतो आणि वीज दिवसा तयार होते. मग दिवसाची वीज रात्री कशी कामाला येते? इथे नेट मीटर येतो.

नेट मीटर दोन्ही दिशांनी मोजतो. दुपारी घरात माणसे नसतात आणि पॅनल जोरात असतो, तेव्हा जास्तीची वीज महावितरणच्या तारांत जाते आणि मीटर ती नोंदवतो. रात्री घर तारांतून वीज घेते, तीही नोंदली जाते. महिन्याच्या शेवटी घेतलेल्या युनिटमधून दिलेले युनिट वजा होतात. हे गावातल्या सामाईक कोठीत धान्य ठेवण्यासारखे आहे. सुगीत पोते टाकले, गरजेला काढले. पोते तेच असायला हवे असे नाही. महिन्यात दिलेले युनिट घेतलेल्यांपेक्षा जास्त झाले तर शिल्लक पुढच्या महिन्यात जाते.

पण या कोठीचा एक नियम विदर्भातल्या घरांनी पाठ करून ठेवावा. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या २०१९ च्या छत-सौर विनियमांनुसार शिल्लक युनिट आर्थिक वर्षाच्या शेवटापर्यंतच पुढे जातात. ३१ मार्चला खाते बंद होते. उरलेले युनिट वीज कंपनी विकत घेते, पण आयोगाने ठरवलेल्या दराने, आणि तो दर घरगुती दराच्या मानाने बराच कमी असतो.

आता लोहाऱ्याचे कॅलेंडर समोर ठेवा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी आकाश निरभ्र, वापर कमी, शिल्लक महिन्यागणिक वाढत जाते. ती सर्वांत मोठी होते तेव्हा मार्चअखेर येते आणि कोठी रिकामी होते. एप्रिलमध्ये कूलर सुरू होतात तेव्हा खात्यात शून्य. थंडीत साठवलेली वीज उन्हाळ्यात वापरू, हा मनातला आडाखा इथे कोसळतो. आर्थिक वर्ष जूनमध्ये संपत असते तर विदर्भाचे भले झाले असते, असे हा हिशेब करताना वाटल्याशिवाय राहत नाही.

६. एका घराचे एक वर्ष

समजा, लोहाऱ्यात चार माणसांचे एक घर आहे. सिंगल फेज जोडणी, दोन कूलर, फ्रिज, वॉशिंग मशिन, अर्ध्या अश्वशक्तीची मोटर, एसी नाही. त्यांचा वर्षाचा वापर असा धरू: एप्रिल ३३० युनिट, मे ३६०, जून ३००, जुलै २१०, ऑगस्ट ते ऑक्टोबर दर महिन्याला १९०, नोव्हेंबर १४०, डिसेंबर आणि जानेवारी १३०-१३०, फेब्रुवारी १४०, मार्च २२०. एकूण २,५३० युनिट. वरच्या दरांनी वर्षाचे बिल २८,०९२ रुपये होते.

छतावर दोन किलोवॅट बसवले. एप्रिलमध्ये २७० युनिट मिळाले, मेमध्ये २६५, जूनमध्ये २०५, जुलै-ऑगस्टमध्ये दीडशे-दीडशे, सप्टेंबरात १९५, पुढे थंडीत २२५ ते २४५ आणि मार्चमध्ये २७५. एकूण २,६७५. वर्षाचा वापर २,५३० आणि उत्पादन त्याहून जास्त! कागदावर बिल शून्य व्हायला हवे.

होत नाही. एप्रिल ते ऑगस्ट या पाच महिन्यांत खात्यात शिल्लक नसते, आणि प्रत्येक महिन्यात थोडे युनिट विकत घ्यावे लागतात: ६०, ९५, ९५, ६०, ४०. एकूण ३५०. सप्टेंबरपासून शिल्लक सुरू होते आणि मार्चअखेर ती ४९५ युनिटवर पोहोचते. ती कमी दरात विकली जाते.

तरीही निकाल वाईट नाही, उलट फार चांगला आहे. विकत घेतलेले सगळे ३५० युनिट पहिल्या पायरीवरचे, स्वस्त. स्थिर आकार धरून वर्षाचे बिल ४,१६९ रुपये. बचत २३,९२३ रुपये, म्हणजे जवळजवळ ८५ टक्के. शिल्लक युनिटांचे मिळणारे पैसे यात धरलेलेच नाहीत.

मे महिन्यात हा फरक डोळ्यांत भरतो. पॅनल नसताना ४,५८३ रुपये, पॅनल असताना ७९६.

याच घराने एकच किलोवॅट बसवला असता तर वर्षाला १५,७८२ रुपये वाचले असते. दुसऱ्या किलोवॅटने त्यात ८,१४१ रुपयांची भर घातली. तिसरा बसवला तर? पाच महिन्यांचे उरलेले युनिटही मिटतात आणि आणखी २,३८७ रुपये वाचतात. बाकीची सगळी वीज मार्चअखेर कमी दरात जाते. या घराला दोन किलोवॅट पुरेत. पुढच्या दोन वर्षांत एसी घ्यायचा असेल, गॅसच्या जोडीला इंडक्शन शेगडी वाढणार असेल किंवा दारात इलेक्ट्रिक स्कूटर येणार असेल, तर तिसऱ्या किलोवॅटला अर्थ येतो. स्कूटरच्या तीन युनिट क्षमतेच्या बॅटरीवर शंभर किलोमीटरच्या आसपास अंतर कापले जाते. तिथे वाचणारा पैसा पेट्रोलचा असतो, आणि तो पहिल्या पायरीच्या विजेपेक्षा कितीतरी महाग आहे.

७. खर्च, अनुदान आणि हप्ता

केंद्र सरकारची ‘पीएम सूर्य घर: मुफ्त बिजली योजना’ फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. एक कोटी घरे हे तिचे लक्ष्य आणि ७५,०२१ कोटी रुपये ही तरतूद. या योजनेत पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३० हजार रुपये आणि तिसऱ्याला १८ हजार रुपये अनुदान मिळते. तीन किंवा त्याहून जास्त किलोवॅटला कमाल ७८ हजार. म्हणजे सरकारचे गणितही लहान संचालाच झुकते माप देते. अनुदानासाठी पॅनल आणि त्यांतले सौर घट भारतात बनलेले असावे लागतात. विक्रेत्याने स्वस्तातला आयात पॅनल सुचवला तर अनुदान हातचे जाईल, हे आधी विचारून घ्यावे.

दोन किलोवॅटचा संच १ लाख २५ हजार रुपयांना पडला असे धरू. अनुदान ६० हजार. घराचे स्वतःचे ६५ हजार. वर्षाला २३,९२३ रुपये वाचत असतील तर पावणेतीन वर्षांत रक्कम वसूल. तिसरा किलोवॅट घेतला आणि संच १ लाख ८० हजारांना पडला, तर अनुदान ७८ हजार आणि घराचा वाटा १ लाख २ हजार. वरचे ३७ हजार रुपये वर्षाला २,३८७ रुपयांच्या बचतीसाठी गुंतले. शिल्लक विजेचे पैसे धरले तरी ही वसुली लांबते.

अनुदान काम पूर्ण झाल्यावर, तपासणी आणि नेट मीटर झाल्यानंतर खात्यात येते. तोवर पूर्ण रक्कम उभी करावी लागते. राष्ट्रीयीकृत बँका या योजनेसाठी तारण न घेता कर्ज देतात. ६५ हजार रुपये सात टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतले तर हप्ता सुमारे १,२८७ रुपये येतो. वर्षाची सरासरी बचत महिन्याला १,९९४ रुपये, म्हणजे हप्ता बचतीतून निघतो. पण ही सरासरी आहे. मे महिन्यात बचत ३,७८७ रुपयांची असते आणि डिसेंबरात जेमतेम १,०८१ची, म्हणजे हप्त्याहून कमी. महिन्याच्या पगारावर चालणाऱ्या घराने उन्हाळ्यातली बचत थंडीसाठी बाजूला ठेवावी.

पॅनलच्या कामगिरीची हमी साधारण २५ वर्षांची असते, आणि दरवर्षी अर्धा-पाऊण टक्का ताकद घटत जाते. इन्व्हर्टर इतका टिकत नाही. दहा-बारा वर्षांत तो एकदा बदलावा लागेल असे धरून चालावे. आणखी एक गोष्ट. जुलै २०२५ पासून स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या विजेवर प्रति युनिट सवलत मिळू लागली. दिवसाची वीज स्वस्त आणि रात्रीची महाग, अशी दरांची दिशा दिसते. म्हणून आजच्या दराला २५ ने गुणून “तुमचे सहा लाख वाचतील” असे सांगणाऱ्या तक्त्यावर विसंबू नये. पहिल्या चार-पाच वर्षांत पैसे सुटत असतील तर व्यवहार भक्कम.

८. लाइन गेली की काय?

“घरावर सोलर आहे, मग लाइन गेली तरी पंखा फिरेल ना?” नाही फिरणार.

हे ऐकून लोक खट्टू होतात, पण त्यामागे जिवाचा प्रश्न आहे. नेट मीटरचा साधा संच तारांशी जोडलेला असतो. वादळात तार तुटली आणि वायरमन दुरुस्तीला खांबावर चढला, तेव्हा घराघरांतून वीज तारेत येत राहिली तर तो जागीच मरेल. म्हणून लाइन जाताच इन्व्हर्टर क्षणात बंद होतो. भर दुपारी, लखलखीत उन्हात, घर अंधारात.

लाइन नसतानाही वीज हवी असेल तर बॅटरी आणि वेगळ्या प्रकारचा, हायब्रीड इन्व्हर्टर लागतो. त्याने खर्च बराच वाढतो आणि बॅटरी काही वर्षांनी बदलावी लागते. बिल कमी करणे हा उद्देश असेल तर बॅटरी हिशेब बिघडवते. रात्री घरात ऑक्सिजनचे यंत्र चालते, दुकानातला फ्रीझर बंद पडून चालत नाही, अशा घरांनी तिचा विचार करावा.

९. छोट्या बिलाचे घर

लोहाऱ्यात सगळीच घरे दोन कूलरवाली नाहीत. महिन्याला ९० युनिट जाळणाऱ्या घराचे बिल ७६२ रुपये येते. एक किलोवॅटने ते १४८ वर येईल, म्हणजे महिन्याला ६१४ रुपये वाचतील. संच ६५ हजारांचा, अनुदान ३० हजार, घराचे ३५ हजार. वसुलीला पावणेपाच वर्षे. व्यवहार तोट्याचा नाही, पण हातावर पोट असलेल्या घराला ३५ हजार एकदम काढणे जड जाते. ज्यांचे बिल मोठे त्यांचा फायदा मोठा आणि लवकर, ज्यांचे छोटे त्यांचा छोटा आणि उशिरा. जिन्याच्या दररचनेतून निघणारा हा परिणाम मनाला खटकतो.

राज्य सरकारने २०२५ मध्ये आणलेली ‘स्मार्ट’ योजना याच घरांसाठी आहे. दारिद्र्यरेषेखालच्या आणि महिन्याला शंभर युनिटांच्या आत वापर असलेल्या घरांना एक किलोवॅटच्या संचासाठी केंद्राच्या ३० हजारांवर राज्याची भर मिळते. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला ती १७,५०० रुपयांची आहे. वरच्याच ६५ हजारांच्या संचाला हे लावले तर घराचा वाटा १७,५०० रुपयांवर आणि वसुली अडीच वर्षांच्या आत येते. सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यातली मान्याची वाडी हे छोटे गाव २०२४ मध्ये राज्यातले पहिले सौरग्राम ठरले. कमी वापराची घरेही एकत्र आली की पॅनल परवडतात, हे तिथे दिसते. विदर्भात नागपूर जिल्हा छतावरच्या सौर संचांत राज्यात आघाडीवर राहिला आहे. यवतमाळच्या घरांना अनुभव विचारायला फार लांब जावे लागत नाही.

१०. टाकीची सावली आणि अंगणातला कडुनिंब

सौदा करण्याआधी दोन कामे स्वतः करायची आहेत.

पहिले, गेल्या बारा महिन्यांची बिले काढून प्रत्येक महिन्याचे युनिट एका कागदावर लिहायचे. एकाच महिन्याच्या बिलावरून संच ठरवला तर मे महिन्यात तो फार मोठा निघतो आणि डिसेंबरात फार छोटा. बिलावरचा मंजूर भारही पाहून ठेवावा. दहा किलोवॅटपर्यंतच्या अर्जांना आता वेगळी तांत्रिक तपासणी लागत नाही आणि गरज असेल तर भारही वाढवून मिळतो.

दुसरे काम सावलीचे, आणि ते डिसेंबरात करावे. त्या महिन्यात लोहाऱ्याचा सूर्य माध्यान्हीलाही क्षितिजापासून फक्त ४६ अंशांवर असतो. म्हणजे कोणत्याही वस्तूची सावली भर दुपारीसुद्धा जवळजवळ तिच्या उंचीइतकी, आणि ती उत्तरेकडे पडते. स्लॅबच्या दक्षिण टोकाला सहा फूट उंच पाण्याची टाकी असेल तर तिच्या मागचे सहा फूट थंडीभर बाद. सकाळी नऊला आणि दुपारी तीनला सावली याहून लांब जाते. मेच्या कडक उन्हात छत पाहायला आलेल्या माणसाला ही सावली दिसणार नाही.

ही सावली छोटी असली तरी मोठे नुकसान करते, कारण पॅनलमधले घट एका रांगेत जोडलेले असतात. बैलजोडीतला एक बैल अडला की दुसऱ्याचीही चाल खुंटते, तसे. टाकी उत्तरेला सरकवायला एखादा प्लंबर आणि थोडा पाइप पुरतो. दक्षिणेकडच्या अंगणात मोठा कडुनिंब असेल तर विचार वेगळा करावा लागतो. तो पॅनलचे ऊन अडवतो, पण एप्रिल-मेमध्ये भिंतीवरचे आणि स्लॅबवरचेही अडवतो, आणि त्याच्या सावलीत घर लवकर तापत नाही. त्या झाडामुळे कूलर दिवसाला चार तास कमी चालत असेल, तर दोन कूलरचे महिन्याला ४८ युनिट वाचतात, आणि तेही वरच्या पायरीवरचे, ज्यासाठी ना अनुदान लागते ना नेट मीटर. अशा छतावर पॅनल झाडापासून दूरच्या कोपऱ्यात, दोनाऐवजी एकच किलोवॅट, असे बसवून झाड राखता येते.

पॅनल बसवण्यासाठी दहा चौरस मीटर, म्हणजे सुमारे शंभर चौरस फूट मोकळी जागा एका किलोवॅटला लागते. ५४० वॅटचे दोन पॅनल त्यात बसतात आणि पुसायला माणूस फिरेल इतकी वाटही उरते. वाळवण घालण्यासाठी, उन्हाळ्यात रात्री गादी टाकण्यासाठी बाकीची गच्ची तशीच मोकळी राहते.